चेलोच्या पोटातली कांडी

मित्रांनो, मी एक जुना चेलो आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. मी त्याचा थोरला भाऊ समजा, इतका थोरला की मला खांद्यावर घेता येत नाही. वाजवणारा खुर्चीवर बसतो, मला दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा धरतो आणि माझ्या चार तारांवर गज फिरवतो. माझा आवाज माणसाच्या आवाजाच्या अगदी जवळचा आहे, असं जाणकार म्हणतात. पूर्वी हे ऐकून मी फुगायचो. आता कोणी म्हटलं की माझ्या लाकडावर काटा येतो. पोंभुर्णा तालुक्यातल्या ज्या गावात मी राहतो तिथं दिवेलागण झाली की मुलं माझ्या खिडकीजवळून पळत जातात. मी त्यांना बोल लावत नाही.

माझा जन्म फार लांबचा, बोहेमियातल्या एका डोंगराळ गावातला. पोट स्प्रूसच्या लाकडाचं, पाठ मेपलची. आमचा कारागीर प्रत्येक फळी बोटानं ठोकून कानाशी धरायचा, आणि जी फळी गप्प राहील ती सरळ चुलीत घालायचा. मी बोललो म्हणून वाचलो. सगळं जोडून झाल्यावर त्यानं माझ्या पोटात बोटाएवढी जाड एक कांडी उभी केली, समोरच्या फळीपासून पाठीपर्यंत. तिला सरस नाही की खिळा नाही. वर तारा ताणलेल्या असतात, त्यांच्या दाबानं ती उभी राहते आणि तारांचा कंप माझ्या पाठीपर्यंत नेते. ती कांडी पडली की चेलो मुका. म्हणून तिकडच्या काही देशांत तिला सरळ 'जीव' म्हणतात. मित्रांनो, पुढचा सगळा घोळ या एवढ्याशा काडीनं घातला.

आणि माझा एक दोषही आत्ताच कबूल करून टाकतो. आम्हा चेलोंच्या पोटात एक सूर असा असतो की तो लागला की आतली हवा आणि लाकूड एकमेकांशी भांडायला लागतात. मग स्वच्छ सुराऐवजी गुरगुर बाहेर पडते. तिकडचे कारागीर त्याला 'लांडगा' म्हणतात. माझे मालक गुणवंतराव मात्र हसून म्हणायचे, चंद्रपूर जिल्ह्यात लांडग्याला कोण विचारतो, याला वाघच म्हणायचं.

गुणवंतराव भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथ मशीनवर होते. तरुणपणी मशीनचं काम शिकायला ते सहा महिने माझ्या देशात आले आणि एका विधवा म्हातारीच्या घरी राहिले. बाहेर गुडघाभर बर्फ, भाषा येत नाही, संध्याकाळी करायचं काय? त्या घरात मी कोपऱ्यात उभा होतो. म्हातारीचा नवरा मला वाजवायचा आणि तो गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. तिनं खुणा करकरून या पोराला शिकवलं. पोरगं हट्टी निघालं. सहा महिने संपले तेव्हा तिनं मला त्याच्या हाती दिलं आणि दार लावून घेतलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही याचं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आज वाटतं, बाई शहाणी होती.

भांदक स्टेशनवर उतरून आम्ही एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, हे एवढं मोठं कोण आहे पिशवीत? शेवटी त्यानं माझं अर्धं तिकीट फाडलं. कॉलनीत पोचलो आणि पुढच्याच वर्षी घरात नीलाबाई आल्या. त्या नागपूरच्या. लहानपणी शाळेतल्या सिस्टरांकडून पियानो शिकलेल्या. एका बंद पडलेल्या क्लबातला जुना पियानो गुणवंतरावांनी घरी आणला, पायाचा भुगा झालेला, त्याला विटा लावल्या, आणि आमचा संसार सुरू झाला. त्यांचा दोघांचा आणि आमचा दोघांचा.

ते जे वाजवायचे ते संगीत शे-दीडशे वर्षांपूर्वीचं. रोमँटिक काळ म्हणतात त्याला. त्या काळच्या संगीतकारांनी मोठी सभागृहं सोडून एका खोलीसाठी, दोनच माणसांसाठी लिहिलं, चेलो आणि पियानो. आणि लिहिलं काय, तर मनात जे होतं ते सगळं. ताटातूट, लांबलेलं आजारपण, गेलेलं मूल, न मिळालेली बाई. पियानो विचारतो, चेलो उत्तर देतो. कधी दोघं भांडतात, कधी एकाचं बोलणं दुसरा तोडतो, आणि मग कुठंतरी दोघं एकदमच गप्प होतात. त्यात एकाला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. स्वतःपुरतं वाजवणाऱ्याचं तिथं काम नाही. पहिल्यांदा त्यांनी संध्याकाळी खिडक्या उघड्या ठेवून वाजवलं तेव्हा शेजारचे चौघे डोक्यावर पदर, खांद्यावर दुपट्टा घेऊन दारात आले आणि हळूच विचारू लागले, कोण गेलं म्हणून. नीलाबाई हसून हसून बेजार झाल्या. पुढं कॉलनीला सवय झाली. दहा दिवस वाजवलं नाही तर लोक विचारायचे, बरं आहे ना घरी?

निवृत्तीनंतर दोघं पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावी आले. पियानो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला, धानाच्या तणसावर झोपून. मी नीलाबाईंच्या मांडीशी आलो. गावाच्या टोकाला नवं दोन खोल्यांचं घर, मागच्या दाराबाहेर परस, त्यापलीकडे बांबूची रांजी म्हणजे दाट बेट, मग धानाचे बांध आणि मग जंगल. करिष्मा नावाची मुलगी नागपूरला नोकरीला. घरकामाला जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या पाड्यावरची, बुधरी यायची. ती गोंडाची, मोहफुलं, चारोळी, डिंक गोळा करणारी, बोलायला कमी आणि नजरेला तिखट.

आता मला गजासाठी राळ लागते. गजाच्या केसांना राळ घासली नाही तर तो तारेवरून नुसता घसरतो, आवाजच निघत नाही. परदेशी राळेची वडी संपली आणि गुणवंतरावांच्या डोक्यात आलं की आपल्याच जंगलात सालईच्या झाडाचा डिंक आहे की. बुधरीनं एक गोळा आणून दिला. त्यांनी तो डब्यात वितळवला, थोडं मेण घातलं, गाळला आणि वडी पाडली. चालली! फक्त एक झालं. सालईचा डिंक म्हणजे धूप. मला वाजवलं की घरभर धुपाचा वास यायचा, दिवसकार्याच्या घरी येतो तसा. नीलाबाई नाक मुरडायच्या. गुणवंतरावांना मात्र त्या राळेचा नाद लागला. कोणत्या झाडाचा डिंक बरा, कोणत्या महिन्यातला बरा, याचे प्रयोग सुरू झाले.

गेल्या एप्रिलची गोष्ट. मोहफुलं वेचायचे दिवस. बुधरीनं सांगितलं होतं की नाल्याकडे वाघीण पिल्लं घेऊन फिरते आहे, वनखात्यानं फलकही लावला आहे, तिकडे एकट्यानं जाऊ नये. गुणवंतराव म्हणाले, मी कुठं एकटा, मोहवाल्या बाया आहेत की बरोबर. पहाटे गेले. बाया मोहाखाली थांबल्या आणि ते डबा घेऊन तीनशे पावलं पुढं सालईकडे गेले. नंतर त्या जागी त्यांचा डबा आणि तेंदूची काठी मिळाली. बाकीचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मलाही ते सांगवत नाही.

त्या घरात महिनाभर कोणी मोठ्यानं बोललं नाही. करिष्मा आली, आईला नागपूरला चल म्हणाली, रडली, सुट्टी संपली तशी गेली. नीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. ऊन वाढत गेलं. उन्हानं माझ्या खुंट्या सैल पडल्या, तारा ढिल्या झाल्या आणि एके दुपारी पोटातली कांडी खट्दिशी पडली. नीलाबाईंनी ऐकलं. मला उचलून त्यांनी हलवलं तर आत खडखड झाली. त्या मला धरून तशाच जमिनीवर बसल्या. त्या महिन्याभरात त्या पहिल्यांदा रडल्या त्या तेव्हा.

त्यांनी वारलू सुताराला बोलावलं. वारलू म्हणजे गावातला साठीचा भला माणूस, गुणवंतरावांचा दोस्त, तिफणीपासून पाळण्यापर्यंत सगळं करणारा. नीलाबाईंनी त्याला समजावलं की याचा जीव पडलाय आत, तिकडं या कांडीला जीवच म्हणतात. वारलूनं वाकडी तार घालून माझ्या पोटावरच्या भोकातून कांडी बाहेर काढली. तिला भुंग्यानं पोखरलं होतं. नवी करावी लागणार होती, आणि स्प्रूसचं लाकूड तो आणणार कुठून?

मित्रांनो, इथं त्यानं ते केलं जे दुसऱ्या कुठल्या गावचा सुतार करणार नाही. कोपऱ्यात गुणवंतरावांची, जंगलातून परत आणलेली तेंदूची काठी उभी होती. तिचा वीतभर तुकडा त्यानं कापला, रंधला, गोल केला आणि माझ्या पोटात उभा केला. कोणाला विचारलं नाही. तारा चढल्या, त्यांच्याखाली घोडी बसली, आणि जाताना तो अभिमानानं म्हणाला, "बाई, आमच्यात नव्या पाळण्याले आज्याच्या खाटेची एक तरी खुंटी लावतेत. आजा लेकरावर ध्यान ठेवते मग. म्हून मी भाऊच्या काठीचीच कांडी बसवली. भाऊ आता घरातच हायेत."

नीलाबाईंनी त्याचे हात धरले. त्या संध्याकाळी दीड महिन्यानं पियानोचं झाकण उघडलं.

त्यांनी त्यांची नेहमीची सोनाटा, म्हणजे पियानो-चेलोची एक लांब रचना, काढली, जिची सुरुवात पियानोच्या दोन ओळींनी होते आणि तिसऱ्या ओळीला चेलो येतो. त्यांनी दोन ओळी वाजवल्या आणि तिसऱ्या ओळीला हात उचलले. मी कोपऱ्यात भिंतीला टेकलेला. गज पेटीत. कोणी मला हात लावलेला नव्हता. आणि माझ्या पोटातून सूर निघाला.

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल, यात काय, पियानोचा सूर लागला की शेजारच्या तारा आपोआप थरथरतात. बरोबर आहे बाळा. मीही स्वतःची तशीच समजूत घातली. तेंदूचं लाकूड कडक, कांडी जरा घट्टच बसलेली, माझ्यातला तो लांडग्याचा सूर त्यानं जागा केला असेल. पण थरथर दोन क्षणांत विरते. हा सूर विरला नाही. पियानो थांबल्यावरही तो चालू राहिला, खालच्या तारेवर, घोगरा, लांब, कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. नीलाबाई वळल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. आणि खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. इतक्या दिवसांनी मला कोणी ऐकत होतं.

मग ते रोजचंच झालं. दिवे लागायच्या वेळी त्या पियानोवर बसायच्या, दोन ओळी वाजवायच्या आणि थांबायच्या. मी गुणगुणायचो. मी की आणखी कोणी, हे मला कळेनासं झालं. काही दिवशी तो सूर मला पोटात कमी आणि परसात जास्त ऐकू यायचा. गावातली कुत्री त्या वेळी भुंकेनाशी झाली. नीलाबाईंनी ताटं दोन मांडायला सुरुवात केली. स्वतःचं ताट तसंच राहायचं. करिष्माचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्या मागचं दार उघडं ठेवू लागल्या. वनरक्षक येऊन दारं लावून घ्या सांगून गेला, त्या हो म्हणाल्या, आणि तो वळताच दार पुन्हा उघडलं.

बुधरीनं पाच-सहा दिवस हे पाहिलं. मग तिनं विचारलं, ही कांडी कशाची? नीलाबाईंनी मोठ्या आनंदानं सांगितलं. बुधरीच्या हातातलं भांडं खाली पडलं.

ती म्हणाली, "बाई, वाघानं नेलेल्या माणसाची वस्तू आमी घरात आणत नाई. तिथीच ठेवतो, दगडाखाली. तो माणूस वाघाच्या डोस्क्यावर बसते, अन् आपल्याच माणसाले आपल्या आवाजात हाक देते. हाक ओळखली का माणूस उठून जाते."

नीलाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण बुधरी गेली ती थेट वारलूकडे. दुसऱ्या दिवशी वारलू आला, मान खाली घालून. आपली चूक झाली, जंगलाच्या लोकांचं जंगलाच्या लोकांनाच ठाऊक, ती कांडी काढतो, सागाची बसवून देतो, असं काहीबाही पुटपुटला. नीलाबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"एकदा जंगलानं नेलं त्यांना," त्या म्हणाल्या. "आता घरातून मी काढून देऊ?"

वारलूनं आपली हत्यारं उचलली. तो गेला. बुधरी मात्र गेली नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला होता, बाहेर आग बरसत होती, तरी ती रोज अंधार पडेपर्यंत चुलीपाशी बसून राहू लागली. तिचीही लेकरं होती, तिलाही टोल्यावर परत जायचं होतं. तिला भीती वाटत होती आणि तरी ती बसायची. मला या घरातलं सगळ्यात मोठं माणूस तीच वाटू लागली.

आणि मी? मित्रांनो, मी त्या दिवसांत भ्यालेला चेलो होतो. सूर माझ्यातून निघत होता आणि थांबवणं माझ्या हातात नव्हतं. रोज सूर लागला की नीलाबाई स्टूलवरून उठायच्या आणि दाराकडे एक पाऊल जास्त टाकायच्या. मी पावलं मोजत होतो. पहिल्या दिवशी दोन. मग चार. मग उंबरठ्यापर्यंत. त्यांचं अंग वाळून काडी झालं होतं, डोळे मात्र लग्नाच्या दिवशी असावेत तसे.

नवतप्याचा सातवा दिवस. सूर्य बांबूमागे गेला. चितळ एकदा ओरडलं, मग दुसरं, मग सगळं जंगल चूप. बुधरी चुलीपाशी ताठ झाली. नीलाबाईंनी दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलले. सूर लागला. आजवर लागला नव्हता इतका मोठा. माझ्या पाठीचं लाकूड दुखू लागलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि गजाची पेटी बंद असूनही घरात धुपाचा वास सुटला. नीलाबाई उठल्या. त्यांनी साडीचा पदर नीट केला, बाहेर जाताना करतात तसा. सरळ चालत दारापर्यंत गेल्या आणि एक पाय उंबरठ्याबाहेर टाकला. बुधरी धावली, तिनं त्यांचा दंड धरला. वाळलेल्या म्हातारीनं तिला एका झटक्यात बाजूला केलं.

मी एकच करू शकत होतो. इतक्या उन्हानं माझ्या खुंट्या सुकल्या होत्या. आयुष्यभर चेलोनं एक गोष्ट जपायची असते, ती म्हणजे ताण. तारा ओढतात आणि आपण सोडायचं नाही. मी सोडलं. पहिली खुंटी करकरून फिरली, मग दुसरी, तिसरी, चौथी. तारा लोंबल्या. घोडी आडवी झाली. आणि पोटात तेंदूची कांडी पडली, खट्. मी मुका झालो. मला वाटलं, सुटलो. बाई सुटल्या.

सूर थांबला नाही.

मित्रांनो, तो माझाच सूर होता, तीच खालची तार, तीच घोगरी गुणगुण. पण माझ्या पोटावर आता तार ताणलेली नव्हती आणि आत कांडी उभी नव्हती. सूर बाहेरून येत होता, बांबूच्या रांजीतून. तो कधीपासून तिथून येत होता कोण जाणे.

खोलीत माझ्या पडलेल्या कांडीचा आवाज झाला तेव्हा नीलाबाई दचकून थांबल्या होत्या. त्यांनी मागे माझ्याकडे पाहिलं. लोंबत्या तारा पाहिल्या. मग पुन्हा बाहेर कान दिला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याचं ऐकत पियानो वाजवला होता, आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी त्या खरोखर ऐकत होत्या. सूर थांबला. पुन्हा लागला. पुन्हा थांबला. पुन्हा लागला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मी माझ्या डोळ्यांदेखत जाताना पाहिला.

"बुधरी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "सूर धरायच्या आधी आमचे हे नाकानं श्वास घ्यायचे. प्रत्येक वेळी. मी त्या श्वासावरच बोट टाकायची." त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला. "हे बाहेरचं श्वास घेत नाही. दार लाव."

बुधरीनं दार लावलं, कडी घातली, अडसर घातला आणि वर पाट्याचा दगड लोटला. दोघी दाराला पाठ लावून खाली बसल्या. बाहेर सूर बराच वेळ येत राहिला. मधेच तो दाराच्या अगदी जवळून आला. कोणी हललं नाही. मग बांबू सळसळले आणि गावातलं पहिलं कुत्रं भुंकलं.

सकाळी वनरक्षक आला. मागच्या दारापासून सहा हातांवर वाघिणीची पावलं होती आणि गवत दबलं होतं. ती तिथं बसत होती, तो म्हणाला, दाराकडे तोंड करून. जुन्या पावलांवर नवी पावलं उमटली होती, म्हणजे एका दिवसाचं काम नव्हतं. त्यानं बोटांवर दिवस मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

वारलूनं माझ्या पोटातून कांडी काढली. उरलेली काठीही घेतली. दहा-बारा माणसं, वनरक्षक आणि नीलाबाई, सगळे भर दुपारी त्या सालईपाशी गेले. बुधरीनं काठी आणि कांडी जमिनीवर ठेवली आणि प्रत्येकानं वर एकेक दगड ठेवला. नीलाबाईंनी त्यांचा दगड कितीतरी वेळ हातातच धरला होता, असं बुधरी सांगते. मग ठेवला. घरी येऊन त्या अंघोळ करून पोटभर जेवल्या आणि करिष्माला फोन लावून तासभर बोलल्या.

माझ्या पोटात आता काही नाही. नागपूरचा कोणी कारागीर येईल, खरी कांडी घेऊन येईल, असं करिष्मा म्हणते. येईल तेव्हा येईल. तोवर नीलाबाई मला रोज पुसतात, उन्हात माझ्या शेजारी ओलं फडकं ठेवतात, आणि सकाळी सकाळी, लख्ख उजेडात, एकट्याच पियानो वाजवतात. तिसऱ्या ओळीला त्या आता थांबत नाहीत. चेलोची ओळ उजव्या हातानं स्वतःच वाजवतात. बुधरी चहा घेऊन ऐकत बसते आणि कुठं चुकलं तर सांगते, आणि आश्चर्य म्हणजे तिचं बरोबर असतं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनी वाद्यं अडगळीत टाकू नका, त्यांना ऊन आणि भुंगा लागू देऊ नका, पुसा, जपा. तुमच्या घरातलं कोणी गेलं तर त्याचा चष्मा, त्याची काठी मायेनं ठेवा. पण त्या वस्तूंकडून उत्तर मागू नका, कारण आम्ही वस्तू मोठ्या लोभी असतो, कोणी ऐकतंय म्हटलं की कोणाच्याही आवाजात बोलू लागतो. आणि तिन्हीसांजेला तुमच्या घरातलं कोणी उघड्या दाराशी एकटंच कान देऊन उभं दिसलं, तर त्याला हसू नका, रागावू नका. बुधरीसारखं जवळ जा, त्याचा हात धरा आणि दार लावून घ्या.